कासवाचे अधिकार

त्या तळ्यावर बगळ्यांच्या मंडळाची सत्ता होती. नियम मंडळ करी, नियम मोडल्याचा आरोप मंडळच ठेवी, आणि आरोप खरा की खोटा हे तपासायला मंडळानेच एक कासव नेमलं होतं. कासव ज्या दगडावर बसून काम पाही, तो दगडही मंडळाचा.

कासव प्रामाणिक होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळं होणं फार सोपं आहे.

बांधाला गळती लागली आणि मंडळाने खंड्यावर ठपका ठेवला. खंड्याचं बीळ बांधातच होतं. पिलांची आई ससाण्याने नेली होती आणि आत पिसं न फुटलेली पिल्लं एकट्या बापाच्या चोचीवर जगत होती. बीळ बुजवावं, अशी मंडळाची मागणी होती. ती मांडायला पाणकावळा उभा राहिला. तो मंडळाचाच नोकर होता.

सुनावणी मात्र पाहण्यासारखी झाली. कासवाने खेकड्यांना बोलावलं, माशांना बोलावलं. बगळ्यांच्या मुख्यालाही त्याने शपथ घालून उभं केलं, आणि तो निमूट उभा राहिला. खंड्याचा जीव भांड्यात पडला. मग कासव स्वतः बांधावर जाऊन आलं. बीळ कोरडं होतं. पाणी झिरपत होतं ते जांभळीच्या मुळांखालून, आणि त्या जांभळीवर बगळ्यांचीच वस्ती होती. कासवाने तसा स्वच्छ निष्कर्ष मंडळाकडे पाठवला.

मंडळाने एका पायावर उभं राहून त्यावर पुष्कळ विचार केला. कासवाच्या मेहनतीचं कौतुक केलं. मग प्रकरण पुन्हा ऐकावं असं सांगून परत पाठवलं, आणि अंतिम निर्णय होईपर्यंत खबरदारी म्हणून बीळ चिखलाने लिंपून टाकलं. बिळापाशी दोन बगळे पहाऱ्याला उभे राहिले.

खंड्या धापा टाकत दगडापाशी आला.

"महाराज, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. बीळ उघडायला सांगा."

"मला सांगता येत नाही. मी शिफारस करतो."

"मग त्या मुख्याला इथे उभं केलंत ते कशाच्या जोरावर?"

"विचारण्याच्या. विचारण्याचे सगळे अधिकार मला आहेत."

"माझी पोरं आत आहेत, महाराज."

कासवाला लाज वाटत होती, आणि रागही येत होता. तो राग कुणावर काढायचा हे त्याला कळत नव्हतं. मग त्याला एक वाट सुचली. ज्याला साक्षीला बोलावलं त्याला कुणी अडवू नये, हा मंडळाचाच नियम होता. कासवाने पिलांना साक्षीला बोलावलं.

खंड्याला हसावं की रडावं कळेना. पण पाणकावळा उठला. साक्षीदार लहान आहेत, त्यांच्या साक्षीवर मंडळाची हरकत आहे, ती मांडायला मुदत हवी, असं तो म्हणाला. मुदत मागितली तर द्यावी लागे. हरकत आली. तिच्यावर खंड्याचं म्हणणं ऐकावं लागलं, त्या म्हणण्यावर पाणकावळ्याचं. खंड्या प्रत्येक वेळी थोडक्यात बोले आणि उडून बांधाकडे जाई. पहारेकरी चोची रोखून त्याला परत पाठवत. सुरुवातीला चिखलाआडून चिवचिव ऐकू येई.

शेवटी कासवाने हरकत फेटाळली. ठाम, खणखणीत शब्दांत फेटाळली. मंडळाने त्या आदेशाचा पूर्ण मान राखला. ठरल्या सकाळी सगळं तळं काठावर जमलं. पहारेकऱ्यांनी चोचींनी चिखल फोडून बीळ मोकळं केलं, आणि अदबीने बाजूला झाले.

पुकारा करणाऱ्या बेडकाने रिवाजाप्रमाणे पिलांना हाक दिली. थोडं थांबून पुन्हा दिली. खंड्या बिळाच्या तोंडाशी बसला होता. तो आत गेला नाही.

पाणकावळा उठला. साक्षीदार गैरहजर असल्याची नोंद व्हावी, अशी त्याने नम्र विनंती केली.

ही विनंती मान्य करण्याचा अधिकार कासवाला होता. त्यासाठी मंडळाला विचारावं लागत नव्हतं. कासवाने ती मान्य केली.