चावडीचा कट्टा

ऐका. फार फार जुन्या काळी डोंगराच्या कुशीत एक लहानसा देश होता. त्याला नदी नव्हती, होतं एकच तळं, आणि त्या तळ्यावर सात गावं जगायची. तळ्याच्या बांधावर काळे दगड बसवलेले होते, घरटी एक. प्रत्येक दगडावर त्या त्या घराची खूण कोरलेली: कुणाचा नांगर, कुणाची तागडी, कुणाचं चाक. दरवर्षी पावसाआधी माणसं बांधावर जायची, आपापला दगड हलवून बघायची, खालची माती चेपायची आणि घरी येऊन गोडधोड करून खायची.

पुढं काय झालं? पुढं माणसं शहाणी झाली! एकाला धुणं धुवायला दगड हवा होता. "आपलाच तर आहे," म्हणाला आणि काढून घेऊन गेला. मग तळ्याजवळच्या गावच्या पाटलांनी गाड्या लावल्या, गावातल्यांचे पन्नासभर दगड उचलून आणले आणि चावडीच्या पडवीत ऐसपैस कट्टा बांधला. त्या कट्ट्यावर बसून रोज एकच भजन चालायचं. "या देशात काही राम राहिला नाही." "पलीकडच्या राज्यात जाऊन बघा, बांध कसे, रस्ते कसे!" "आपली माणसंच नालायक." वर पान चघळायचं आणि तिथंच पिंक टाकायची. मेल्यांना लाज म्हणून नव्हती!

त्याच गावात ठकू पाथरवटीण राहायची. बांधावरच्या कितीतरी खुणा तिच्या सासऱ्याच्या हातच्या. नवरा गेल्यावर तिनं स्वतः छिन्नी धरली, जाती आणि पाटे-वरवंटे घडवून संसार ओढला. एकुलती एक लेक तिनं बांधाखालच्या गावात दिली होती. त्या साली ती सासरीच बाळंत झाली, अवघ्या दहा दिवसांची ओली बाळंतीण.

अशात हस्ताचा पाऊस लागला. तीन दिवस खळ नाही. चौथ्या दिवशी सकाळी ठकू बांधावर गेली. दगड काढलेल्या जागी मोठाली भगदाडं पडली होती, माती वाहून चालली होती आणि बांधाच्या खालच्या अंगानं पाणी पाझरत होतं. खाली लेकीच्या घराची कौलं दिसत होती.

ती तशीच भिजत चावडीवर आली. कट्टा नेहमीसारखा भरलेला.

"पाटील, बांध फुटतोय! माणसं घेऊन चला!"

"फुटणारच," पाटील जागचे न हलता म्हणाले. "हा देशच तसला. पलीकडच्या राज्यात होतं का असं कधी?"

"राजाला कळवायला पाहिजे," गावचा वाणी म्हणाला आणि पानाला चुना लावू लागला.

ठकूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "उठा, पाटील! उठा म्हणते ना! कशावर बसलात ते बघा तरी!" तिनं नखांनी पिंक आणि शेवाळ खरवडलं. खाली नांगर निघाला. "हा तुमच्या पणज्यानं डोक्यावरून नेलेला दगड. आणि शेट, तुमच्या बुडाखाली तुमचीच तागडी आहे. देश वाईट नाही हो! देशाचेच दगड उपसून, वर त्यांच्यावर बसून देशाला शिव्या देणारे तुम्ही वाईट! माझी ओली बाळंतीण आहे तिथं खाली!"

पाटील लालबुंद झाले. "फार बोलतेस, ठकूबाई. तुझ्या घरचा छिन्नीच्या खुणेचा दगड आहे का बांधावर? तुझ्या दारात पायरी कसली आहे, सांग की सगळ्यांना!"

खरंच होतं ते. नवरा गेला त्या साली दारात चिखल फार होतो म्हणून तिनंच तो दगड आणून टाकला होता. इतकी वर्षं त्याच्यावर पाय देऊन ती आत-बाहेर करत होती. कट्टा खदाखदा हसला.

ती घरी गेली, पहारीनं पायरी उचकटली, पदराची चुंबळ केली, दगड डोक्यावर घेतला आणि चावडीवरूनच बांधाकडे निघाली. मान लटलटत होती, तरी पाऊल थांबत नव्हतं.

पहिला उठला वाणी. पान टाकलं आणि आपली तागडी खांद्यावर घेतली. मग चाकवाला उठला, मग सगळेच. पाटील मात्र बसून होते. त्यांच्या दगडाला कुणीतरी हात घातला, तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "थांब. माझा मी नेतो."

दुपारपर्यंत भगदाडं बुजली. एक मात्र बुजता बुजता फुटलं आणि पाटलांची भाताची खाचरं धुऊन गेलं. ठकूच्या लेकीच्या ओट्याला पाणी लागलं आणि तिथंच थांबलं. आत तान्हं झोपलेलं होतं.

चावडीत पुन्हा कट्टा झाला नाही. लोक उभ्यानं बोलायचे, त्यामुळं थोडं बोलायचे. आणि कुणी "या देशात काही राम..." असं सुरू केलं की ठकू हातातली छिन्नी थांबवून विचारायची, "दादा, तुझा दगड जागेवर आहे ना?"

देशाला नावं ठेवणाऱ्यानं आधी उठावं आणि आपण कशावर बसलो आहोत ते बघावं.