तीस होड्या आणि खरवड

ही फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कोंबड्या बोलायच्या आणि माणसे त्यांचे ऐकूनही घ्यायची.

नदीकाठच्या एका गावात एक नावाडी आणि त्याची बायको राहत असत. त्या गावाची एक रीत होती. कुणाचा वाढदिवस असला की घरच्यांनी त्याच्यासाठी धोंडस करायचे. धोंडस म्हणजे काकडीच्या किसात तांदळाच्या कण्या, गूळ आणि खोबरे कालवायचे, आणि टोपाखाली निखारे, झाकणावरही निखारे ठेवून ते भाजायचे. आजच्या मुलांनी त्याला केक म्हटले तरी चालेल. पण ते नुसते टोपातून काढून वाढायचे नाही. ज्याचा वाढदिवस त्याच्या आवडीची वस्तू त्यातून कोरून काढायची. आणि काय हवे, हे त्या माणसाला मुळीच विचारायचे नाही. विचारावे लागले म्हणजे माया कमी पडली, असे ते लोक समजत. आता या रीतीला काय म्हणावे! पण रीत होती खरी.

नावाडीण या कामात पटाईत होती. शेजारणीच्या सासूसाठी तिने म्हैस केली, तेव्हा गोठ्यातली खरी म्हैस त्या म्हशीला बघून रेकली होती. कुंभाराच्या लेकीसाठी केलेल्या मोराला तिने केळफुलाचा पिसारा लावला. सगळे गाव तिचे तोंड भरून कौतुक करी. एक नावाडी सोडून.

त्याच्यासाठी ती दर वर्षी होडी करी. नावाड्याला होडीवाचून दुसरे काय आवडणार? पहिल्या वर्षी साधी होडी झाली. मग खोबऱ्याच्या कातळीची वल्ही आली, हळदीच्या पानाचे शीड आले. एका वर्षी तर होडीत माणसे बसली आणि त्यांच्या डोक्यावर गाठोडीही आली. नावाडी ताटाकडे बघायचा, एक वल्हे मोडून तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "बरं आहे."

बरं आहे! पहाटेपासून काकड्या किसायच्या, निखाऱ्यांच्या धगीने कपाळ भाजून घ्यायचे, कोरता कोरता मान मोडून घ्यायची, आणि हा गृहस्थ म्हणणार, बरं आहे. ताप उतरल्यावर माणूस वैद्याला सांगतो, तसे.

तिसाव्या वर्षी तिचे डोके फिरले. सगळ्या गावासमोर तिने सांगून टाकले, "यंदा जर यांच्या तोंडून आणखी एक शब्द निघाला नाही, तर हा टोप मी माळ्यावर उपडा घालीन. पुन्हा कुणासाठी काही करायची नाही!" लोक हादरले. लोहार तर नावाड्याला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा रे, पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. काहीतरी बोल."

तिने त्या वर्षी अशी होडी केली, की बघायला सगळे गाव लोटले. काठावर कोळ्याचे जाळे होते, जाळ्यात मासे होते, माशांना खवले होते. नावाड्याने होडी पाहिली. लोहाराने त्याला कोपर मारले. नावाड्याने घसा साफ केला. सगळे पुढे झुकले.

"बरं आहे हो," तो म्हणाला.

आता यात तो एक 'हो' जास्त होता, पण तेवढ्याने काय होते! नावाडीण उठली, टोप उचलला आणि शेवटचा घासायला म्हणून परसात गेली. डोळ्यांतून पाणी येत होते आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"रडतेस काय?" खुराड्यावर बसलेली म्हातारी कोंबडी करवादली. "रडायचं तर आम्ही! आधी नवऱ्याला आवर तुझ्या!"

"त्यांनी तुझं काय केलं?"

"काय केलं? कोरायच्या आधी धोंडसाची खरवड तासून तू आमच्या टोपलीत टाकतेस की नाही? ती आम्हाला मिळते कुठे? ताटावरून उठला की तो थेट इकडे येतो आणि टोपली उचलून नेतो. माझ्या आजीच्या आजीपासूनची तक्रार आहे ही! आत्ताही तू टोप घासत होतीस, तेवढ्यात घेऊन गेला. जा, त्या फणसामागे बघ."

नावाडीण फणसामागे गेली. नावाडी तिथे मांडी घालून बसला होता. मांडीवर टोपली होती. टोपाच्या तळाला धरलेली तांबूस, कुरकुरीत खरवड तो डोळे मिटून खात होता. तीस वर्षांत असे तोंड तिने त्याचे पाहिले नव्हते.

"अहो!" ती ओरडली. "कोंबड्यांच्या तोंडचं खाताय? आणि माझ्या तीस होड्या?"

नावाडी दचकला. "होड्या चांगल्याच होत्या गं. पण दिवसभर होडीत बसून घरी यायचं, तर ताटात पुन्हा होडी. वल्हं चावताना वाटायचं, उद्याचं काम आजच तोंडात आलं."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

"विचारायचं नसतं!"

"मग मी तरी कसं सांगायचं?"

तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला आणि ही रीत घालणाऱ्याचा तर फारच आला. टोप माळ्यावर गेला नाही.

पुढच्या वर्षी तिने धोंडस टोपातून काढले आणि खरवड न तासता तसेच ताटात ठेवले. ना शीड, ना वल्हे. लोकांची तोंडे उतरली. "यंदा काहीच केलं नाहीस?" शेजारीण म्हणाली.

नावाड्याने मात्र दोन्ही हातांनी कड मोडली. पहिला तुकडा त्याने बायकोच्या हातावर ठेवला. आयुष्यभर धोंडसे करणाऱ्या त्या बाईने खरवड कधी चाखलीच नव्हती. तिने ती खाल्ली आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.

"एकतीस वर्षांनी आज माझा वाढदिवस झाला," नावाडी म्हणाला. तिला हवा होता एकच जास्तीचा शब्द; हे तर त्याहून कितीतरी जास्त झाले.

मग गावानेही घरोघर विचारायला सुरुवात केली. शेजारणीच्या सासूने सांगितले, की तिला म्हशीचा जन्मभर वैताग होता.

कोंबड्यांच्या टोपलीत मात्र त्यानंतर काहीच पडेना. त्या रुसल्या आणि माणसांशी बोलायच्या कायमच्या बंद झाल्या. आता आपल्या माणसाच्या मनातले सांगायला कुणी कोंबडी येत नाही. ते आपले आपणच विचारावे लागते.

तात्पर्य: ज्याच्यासाठी मायेने करायचे, त्याला आधी विचारावे; विचारल्याने माया कमी होत नाही.