भोक न पाडता कान टोचा!

"बाळराजांना टोचायचं नाही म्हणजे नाही!" भैरोजीराजे गरजले.

"आजच्या आज टोचायचं म्हणजे टोचायचं!" राणीसाहेब त्याहून मोठ्यानं गरजल्या.

मधोमध पाळण्याची दोरी धरून बसलेली दासी चिमा दोन्ही वेळा दचकली. तशी ती कशालाही दचके. पारवा फडफडला की दचके, नगारा वाजला की दचके, भांडं पडलं की दचके. आणि भांडं बहुतेक वेळा ती दचकल्यामुळेच पडलेलं असे.

आज मात्र दचकण्यासारखं कारण होतं. नदीपल्याडच्या गावात देवीची साथ आली होती. देवी टोचणारा डॉक्टर लशीची पेटी घेऊन राजवाड्याच्या देवडीवर बसला होता आणि दिवस मावळायच्या आत त्याला पुढचं गाव गाठायचं होतं. चिमाच्या गालांवर लहानपणच्या देवीचे वण होते. तेव्हा तिच्या शेजारी अंथरुणाला खिळलेली धाकटी बहीण पुन्हा उठली नव्हती. म्हणून पाळण्यातल्या बाळराजांकडे ती आज सारखी वाकून वाकून बघत होती.

"आपल्याला भीती तरी कसली वाटते?" राणीसाहेबांनी विचारलं.

"भीती? आम्हाला?" महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "आम्ही फक्त सावध आहोत! ती लस वासराच्या अंगावरची असते. टोचलेली पोरं झोपेत हंबरतात!"

"कोणी ऐकलं?"

"दिवाणजींच्या मेव्हण्यानं!"

"त्यानं स्वतः ऐकलं?"

"नाही. त्यानं कोणाकडून तरी ऐकलं!"

"महाराज," पाळण्यामागून बारीक आवाज आला, "बाळराजे रोज वाटीभर गाईचं दूध पितात. अजून तरी शिंगं फुटलेली नाहीत."

महाराजांनी बाळाच्या टाळूवरून हात फिरवून खात्री करून घेतली. शिंगं नव्हती. त्यामुळे त्यांना जास्तच राग आला.

"ठीक आहे! टोचा! पण आमच्या अटी ऐका. बाळ रडता कामा नये. अंगात कणकण येता कामा नये. आणि दंडावर वण उठता कामा नये!"

डॉक्टरला आत बोलावलं. त्यानं अटी ऐकल्या आणि डोकं खाजवलं. "महाराज, बाळ आहे, थोडं रडेल. कणकणही येईल, दोन दिवसांत जाईल. आणि वण तर उठलाच पाहिजे! नाही उठला, तर लस लागलीच नाही असं समजायचं."

"मग उचला पेटी!"

"पेटी हलायची नाही!" राणीसाहेब कडाडल्या.

महाराजांची नजर फिरत फिरत पाळण्यामागे गेली. "चिमे! फार तोंड चालतं ना तुझं? मग आमच्या अटी पाळून तूच टोचवून दाखव! दिवस मावळेपर्यंत जमलं नाही, तर डॉक्टर त्याच्या वाटेनं आणि तू तुझ्या!"

चिमाच्या हातातली दोरी सुटली. पाळणा आपोआप हलत राहिला.

दुपारी दरबार भरला. बाळराजांचे कान टोचायचा मुहूर्त खुद्द महाराजांनीच धरला होता. बाळाचे मामा मांडी घालून बसले, त्यांच्या मांडीवर बाळराजे. धोंडशेट सोनारानं सोन्याची तार पाजळली, टोक निरखून पाहिलं. शेजारी गूळखोबऱ्याची वाटी. धोंडशेटनं बाळाच्या कानाची पाळी चिमटीत धरली, तार जवळ नेली...

"थांबा!"

दरबार दचकला. सगळ्यात जास्त दचकली चिमा, कारण ओरडली तीच होती.

"काय झालं?" महाराज उठून उभे राहिले.

"काही नाही, महाराज." चिमा पुढे आली. "धोंडशेटना अटी सांगायच्या राहिल्या. शेट, बाळराजे रडता कामा नयेत!"

"म्हणजे?" धोंडशेट म्हणाला.

"कान लाल होता कामा नये!"

"अगं बाई, होणारच तो!"

"आणि मुख्य म्हणजे, कानाला भोक पडता कामा नये!"

धोंडशेटनं तार खाली ठेवली. "महाराज, ही पोरगी माझ्या धंद्यावर उठलीय!"

"चिमे, वेड लागलं का तुला?" महाराज संतापले. "भोक पडावं म्हणूनच तर टोचतात!"

"आणि रडले तर?"

"रडेल एवढंसं! गूळ चाटेल, विसरून जाईल! राजाचं पोर आहे ते!"

"कान सुजला तर?"

"उतरेल की दोन दिवसांत! एवढ्याशा सुजेला भिऊन कोणी मुलाचा कान न टोचता ठेवतं का?"

चिमानं पदर सावरला. "मग महाराज, हेच शब्द देवडीवर जाऊन डॉक्टरांना सांगू का? 'कान' म्हणाल तिथं मी 'दंड' म्हणते, आणि 'भोक' म्हणाल तिथं 'वण'. बाकी सगळं आपलंच!"

महाराजांनी राणीसाहेबांकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या.

"पण कानात निदान भिकबाळी तरी दिसते!" महाराजांनी शेवटचं अस्त्र काढलं. "दंडाच्या वणाचं काय दिसतं?"

"तो असला म्हणजे हे दिसत नाहीत, महाराज." चिमानं आपल्या गालाकडे बोट केलं.

महाराज तिच्या गालांकडे बघत राहिले. मग एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांचा फेटा कानावर आला. "बोलवा डॉक्टरला! आमच्याच तोंडानं आम्हाला हरवलं या पोरीनं!"

कान टोचले. बाळराजे रडले. गूळ चाटला. डॉक्टरनं दंडावर टोचलं, तेव्हा तोंड गुळानं भरलेलं असल्यामुळे ते नुसते डोळे वटारून बघत राहिले.

"आता आपण," राणीसाहेब म्हणाल्या.

"आम्ही? आमचे कान टोचलेले आहेत!"

"दंड दाखवा!"

महाराजांनी बाही वर केली, डोळे गच्च मिटले आणि दरबाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गूळ आणा!"

मग वाटी मांडीवर घेऊनच त्यांनी फर्मावलं, "चिमे, धोंडशेटकडून तुला सोन्याचे कुडे! आणखी काय हवं ते माग!"

चिमानं पुष्कळ विचार केला. "महाराज, नगारा वाजवायच्या आधी मला कोणी तरी सांगत जावं."

महाराज इतके खदाखदा हसले की नगारखान्यातल्या माणसाला वाटलं, इशारा झाला. त्यानं टिपरी हाणली, आणि कुडे मिळालेली चिमा दचकून पाळण्याखाली गेली.