दीडपटीचे लग्न

शेजारच्या घरी कार्यात जेवढा खर्च होईल, त्याच्या दीडपट आपल्या घरी व्हायलाच हवा, आणि का ते कुणी विचारायचे नाही, असा श्रेष्ठी भद्रसेनाच्या घरचा नियम होता. पोतन नगरावर अस्मकराजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने याच घरात मुलगी म्हणून जन्म घेतला. तिचे नाव उत्पला.

भद्रसेनाचे तांडे थेट समुद्रापर्यंत जात. घरात धनाला तोटा नव्हता, तरी गाडीवानांचे वेतन कायम थकलेले. असे का, म्हणून उत्पलाने लहानपणी एकदा विचारले, तेव्हा आत्याने तिला भरल्या पानावरून उठवले होते.

पुढे उत्पलाचे लग्न ठरले. शेजारच्या श्रेष्ठींनी आपल्या मुलीच्या वरातीत वेशीपर्यंत केवड्याचे पाणी शिंपले होते. आता भद्रसेनाला ते वेशीपलीकडे न्यायचे होते.

तांडाही त्याच सुमारास निघणार होता. उत्पला अंगणात आली, तर गाडीवानांचा नायक नंदिय एका जुन्या पखालीला ठिगळ लावत होता. सुई घातली की चामडे फाटत होते.

"नंदियकाका, नव्या पखाली आल्या नाहीत?"

"मालक म्हणाले, लग्न उरकू दे, मग बघू."

"आणि वाटेतला तो कोरडा माळ?"

"माळ काही लग्नासाठी थांबायचा नाही, ताई," नंदिय हसला. "उरलंसुरलं पाणी बैलांना पाजू. आमचं काय, ओठ चाटत जाऊ."

उत्पला हसली नाही. ती तशीच दालनात गेली. तिथे भद्रसेन आणि आत्या अत्तरवाल्याशी केवड्याचा भाव ठरवत होते.

"बाबा, आधी नव्या पखाली आणि गाडीवानांचं थकलेलं वेतन. मग अडीनडीसाठी थोडं बाजूला. उरेल त्यात माझं लग्न."

"उरल्यासुरल्यात?" आत्या म्हणाली. "श्रेष्ठींच्या मुलीचं? अगं, आपल्याला काय कमी आहे?"

"काहीच कमी नाही, म्हणूनच लाज वाटते. नंदियकाकांनी उरल्यासुरल्या पाण्यावर माळ ओलांडायचा, आणि मी उरल्यासुरल्या पैशांत लग्न केलं की नाक कापलं जातं?"

"नियम आहे, पोरी," भद्रसेन हळूच म्हणाला.

"शेजारीही हाच नियम आहे, बाबा. त्यांच्या मुलीनेच, कुसुमीने सांगितलं. तिच्या भावाच्या लग्नासाठी ते तुमच्या खर्चाची वाट बघताहेत. त्यांनी दीडपट केलं की पुन्हा तुम्ही. हे थांबणार कुठे?"

अत्तरवाल्याने कुप्या आवरायला घेतल्या.

"वरपक्ष माघारी गेला तर जन्मभर घरात बसशील," आत्या म्हणाली.

"बसेन. पण पखाली गाड्यांवर चढल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही."

आत्याने भावाकडे पाहिले. भद्रसेनाने मान खाली घातली. मग नंदियाला आत बोलावून त्याने नव्या पखालींचे आणि थकलेल्या वेतनाचे पैसे मोजून दिले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, विहारात जमलेल्यांना म्हणाले, "तेव्हाचा भद्रसेन म्हणजे विहाराबाहेर चार रथ उभे करून आत आलेला हा गृहस्थ. आत्या म्हणजे त्याच्या शेजारी बसलेली त्याची बहीण. नंदिय आज भिक्षू होऊन तुम्हाला पाणी वाढतो आहे. आणि उत्पला मीच होतो. त्या जन्मी मी अधिष्ठान-पारमी, म्हणजे बुद्धत्वासाठी लागणारी निश्चयाची साधना, पूर्ण केली."