ठकूबाईंची जाड साल

करंजडोह गावी श्रीपिंपळनाथ महाराजांच्या मठाला लागून एक शाळा होती. शाळेत सत्तावीस मुले आणि एक वामन गुरुजी. मागे, गावच्या पाटलांच्या जागेत, मुलांनी काढलेल्या सात सऱ्या. मठाच्या स्वयंपाकघरात, टोपलीत, बेण्याचे अठ्ठेचाळीस बटाटे. कार्तिक वद्य एकादशीच्या सकाळी एवढे सगळे जागेवर होते. दुपारी बटाटे नव्हते.

मठात रांधणाऱ्या ठकूबाईंची दृष्टी अधू. फराळाची टोपली समजून त्यांनी बेण्याची ओढली आणि सगळे बटाटे सोलून कीस केला. पंगत उठता उठता मुले बेणे न्यायला आली, तेव्हा घोटाळा कळला. दुसरे बेणे येईपर्यंत लागवडीचे दिवस सरणार होते. आणि सटवाजी पाटलांनी तर बजावूनच ठेवले होते, की महाशिवरात्रीपर्यंत बटाटा दिसला नाही तर त्या जागेत आपला गोठा उभा राहील.

पाटील पंगतीतच होते. मिशीचा कीस पुसत ते म्हणाले, "आंधळं दळतं, हे ऐकलं होतं गुरुजी. तुमच्याकडं आंधळं सोलतंय."

सगळे हसले. ठकूबाई पदर तोंडाला लावून महाराजांपुढे उभ्या राहिल्या. महाराजांनी एवढेच विचारले, "माय, साली कुठं आहेत?"

"कपिलेपुढं टाकल्या, महाराज."

मुले धावली. कपिला गाय रोज पाटी चाटूनपुसून ठेवणारी. पण काय नवल, त्या दिवशी तिने तोंडही लावले नव्हते! महाराजांनी एक साल उचलली. दिसत नसल्याने ठकूबाईंची सुरी खोल जाई. साल अर्ध्या पेराएवढी जाड होती, आणि कोंब फुटतो तो डोळा तिच्यावर शाबूत होता.

महाराज म्हणाले, "माय, तुला दिसत नाही म्हणून यांचे डोळे वाचले."

गुरुजींनी साली तोलल्या. तीन शेर भरल्या. मुलांनी डोळे मोजून एकशे ब्याण्णव तुकडे केले, महाराजांच्या धुनीच्या राखेत घोळवले आणि सऱ्यांत लावले. रोज सकाळी ठकूबाई मातीवरून बोटे फिरवत. अठरा दिवस हाताला काही लागले नाही. एकोणिसाव्या दिवशी कोंब लागला. त्या तिथेच बसून रडल्या.

माघात पाला पिवळा पडून वाळला. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पाटील गोठा आखायला दोरी घेऊन आले. "वाळलं की सगळं," ते म्हणाले. महाराजांनी त्यांच्या हाती खुरपे दिले. पाटलांनी पहिलेच झाड उकरले. खाली सात बटाटे होते.

पाटलांच्या हातून खुरपे गळले. ते महाराजांच्या पायांवर वाकणार, तोच महाराज म्हणाले, "इथं नको. सोलणारीकडं जा."

पाटील मातीच्या हातांनी ठकूबाईंपुढे वाकले. ठकूबाईंनी चाचपडत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग विचारले, "एकूण किती भरतील रे पोरांनो?"

मुलांनी उरलेल्या सऱ्या उकरून मठाचा काटा आणला. बटाटे एक मण भरले, आणि वर सालींएवढेच तीन शेर.