पाळण्यात हरवलेला वरवंटा

या गं दोघी. रेणू, पाय पुसलेस का? मुक्ता, सरक जरा भिंतीकडे. आज मला मधे बसू दे.

नाही, मी रागावलेली नाही. कोण म्हणालं? तुमची आई? मी कशाला रागावू! चार महिने डोळे फोडून बाळासाठी गोधडी शिवली. तुमच्या आजोबांचं धोतर, माझं हिरवं लुगडं, सगळं आहे तिच्यात. उद्या बाळाचं बारसं, म्हणून सकाळी नव्या पाळण्यात अंथरली. तर तुमची आई म्हणते, "आई, पाळण्यात गोधडी नको, डॉक्टरांनी सांगितलंय." आता तुमचा बाबा काय हवेत निजत होता? तिनं काढून ठेवली. दुपारी ती अंघोळीला गेली तेव्हा मी परत घातली. दुहेरी घडी करून. हे तिला सांगायचं नाही, बरं का.

गोष्ट ना? सांगते. ही माझ्या आजीची गोष्ट. मधलं मधलं विसरलेय, पण सांगता सांगता आठवेल.

एक होता राजा. नाव धुंडिराज. नावाचाच राजा, कारण त्याचं कशातच काही ठरायचं नाही. सकाळी उठला की आधी कोणता जोडा घालू, डावा की उजवा, या विचारात त्याची न्याहारी निवून जायची. आणि त्याला 'नाही' म्हणता यायचं नाही. कुणी म्हटलं, महाराज, विहीर खणू? "हो हो, खणा." दुसरा म्हणाला, महाराज, ती विहीर बुजवू? "हो हो, बुजवा." मग एका बाजूनं खणतायत, दुसऱ्या बाजूनं बुजवतायत. सगळं राज्य असंच चाललेलं.

राणीचं नाव चंपावती. लग्नाला बारा वर्षं झाली आणि मग त्यांना मुलगी झाली. एवढीशी. राजाच्या दोन तळहातांवर मावेल एवढी. तिला बघून राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला कळेना, हे आनंदानं आलं की भीतीनं. राणी म्हणाली, "दोन्हीनं आलंय. माझंही तसंच झालंय."

बारशापर्यंत बाळ राणीच्या बाजेशेजारी सुपात निजायचं. सुपात जुन्या लुगड्याची एक घट्ट घडी, बस्स. वर काही नाही, बाजूला काही नाही. छान निजायचं.

मग बारशाचा दिवस आला. सुताराने शिसवी पाळणा करून आणला. आणि मग सुरू झाला गोंधळ.

पहिल्यांदा आली राजाची आत्या. तिनं शेवरीच्या कापसाची गादी आणली होती. इतकी मऊ, इतकी मऊ की हात ठेवला तर मनगटापर्यंत आत जायचा. आत्या म्हणाली, "राजा, माझ्या नातीला कडक टोचायला नको. घालू ना पाळण्यात?"

राजा म्हणाला, "हो हो, घाला."

मग आली राणीची मावशी. तिनं उशा आणल्या. डोक्याला एक, पायांना एक, या कुशीला, त्या कुशीला. सात होत्या का आठ? असू देत सात. मावशी म्हणाली, "पाळण्याच्या कडा लागतील हो लेकराला. लावू ना चारी बाजूंनी?"

राजा म्हणाला, "हो हो, लावा."

मग आले गावातले लोक. घरटी एक गोधडी. कुणाची चौकटीची, कुणाची चांदण्यांची. बारा वर्षांनी राजवाड्यात पाळणा हलणार, मग लोकांना काय कमी हौस! म्हणाले, "महाराज, आमची माया आहे. थंडी वाजेल बाळाला. ठेवू ना?"

आता मायेला नाही कसं म्हणायचं? राजा म्हणाला, "हो हो, ठेवा."

राणी आपल्या बाजेवरून म्हणाली, "अहो, जास्त होतंय का हे?" पण एवढ्या गडबडीत तिचं कोण ऐकणार? बाळंतिणीचं कोणी ऐकत नाही. नेहमीचंच आहे ते.

काय गं मुक्ता, अशी का बघतेस माझ्याकडे? पुढे ऐक.

आता मला सांगा, आपल्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात काय निजवतात? वरवंटा. हसतेस काय रेणू! खरंच निजवतात. चांगला धुवायचा, कुंची घालायची, पाळण्यात ठेवून झोका द्यायचा. मग तो काढायचा आणि मग बाळ. का, ते विचारू नकोस. मला ठाऊक नाही आणि तिथंही कुणाला ठाऊक नव्हतं.

राजवाड्याचा वरवंटा होता शंभर वर्षांचा. काळा कुळकुळीत. राजाच्या आजोबांच्या पाळण्यात हाच निजला होता, राजाच्या बापाच्या पाळण्यात हाच आणि राजाच्याही पाळण्यात हाच. एरवी तो स्वयंपाकघरात असायचा, गोदूबाई स्वयंपाकिणीच्या हाताखाली. मग गोदूबाईनं त्याला अंघोळ घातली, लाल कुंची घातली, आणला आणि ठेवला पाळण्यात. दोरी धरून एक झोका दिला. मग काढायला वाकली.

तर वरवंटा नाही!

गोदूबाईनं डोळे चोळले. आत्यानं वाकून पाहिलं. मावशीनं पाहिलं. वर नुसत्या गोधड्या. मग काय विचारता! "चोर! चोर!" करून ओरडा झाला. दरवाजे बंद केले. प्रधानाने सगळ्या पाहुण्यांची गाठोडी सोडली. पण वरवंटा कोण चोरणार हो? आणि चोरून लपवणार कुठे? कुणाला काही कळेना. आत्या म्हणायची मावशीनं उचलला, मावशी म्हणायची आत्यानं.

तेवढ्यात आवाज आला. बारीक. दबलेला. "गोदूबाई, मी इथं आहे."

कोण बोललं? प्रधान म्हणाला, आवाज विहिरीतून आला. कोणत्या विहिरीतून, खणलेल्या की बुजवलेल्या, त्यावर खणणाऱ्याची आणि बुजवणाऱ्याची जुंपली. कुणी माळ्यावर चढलं, कुणी कोठीत शिरलं. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

मग दुसऱ्यांदा आवाज आला. आणखी बारीक. "मी इथं आहे. मला दिसत नाही काही."

आता मावशी घाबरली. म्हणाली, "हे काहीतरी भलतंच आहे. मुहूर्त टळून चालला. राहू दे तो वरवंटा, बाळाला घाला पाळण्यात!" आत्या म्हणाली, "हो, घाला." गावातले लोक म्हणाले, "हो महाराज, घाला." सगळे राजाकडे बघायला लागले.

राजाने बाळाला उचललं. त्याच्या डोक्यात नुसता कल्लोळ. वरवंटा गेला कुठे? बोलतंय कोण? थांबावं तर मुहूर्त जातो, आत्या रागावते, मावशी रडते. घालावं तर... तर काय, तेही त्याला कळेना. तो आपला पाळण्यापाशी गेला. बाळाला खाली नेलं. आणखी खाली नेलं. बाळ जांभई देत होतं.

आणि तिसऱ्यांदा आवाज आला. जेमतेम ऐकू येईल एवढा.

"राजा. मी इथं खाली आहे. तिला नको आणू इथं."

राजा तिथेच थबकला. आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "नाही."

आत्या म्हणाली, "काय नाही?"

"नाही घालणार. मला काही कळत नाहीये, म्हणून नाही घालणार. आधी कळू दे."

मग त्याने बाळ राणीच्या हातात दिलं. आणि आवाज कुठून येतो ते ऐकायला स्वतःचं डोकं घातलं पाळण्यात.

मुकुट आधी आत गेला. मग कपाळ, मग नाक. खाली शेवरीची गादी, ती दबली. बाजूच्या उशा गालांवर कलंडल्या. वरच्या गोधड्या घसरल्या मानेवर. मऊ हो, फार मऊ. राजा श्वास घ्यायला गेला तर तोंडाशी कापड. या बाजूला वळला तर कापड. त्या बाजूला वळला तर कापड. हाक मारली, ती कापसातच जिरली. बाहेर सगळे म्हणतायत, बघा, महाराज किती मायेनं बघतायत. फक्त गोदूबाईनं पाहिलं की महाराज पाय झाडताहेत. तिनं दोन्ही हातांनी कंबर धरली आणि ओढला बाहेर.

राजा लालबुंद. धापा टाकत खाली बसला. मग राजा बाळाकडे बघून म्हणाला, "मला हात आहेत. एवढी मोठी मान आहे. ओढून काढायला गोदूबाई आहे. तरी माझा जीव घाबरला. आणि हिला तर अजून मानही वळवता येत नाही."

थांबा गं जरा. काही नाही. पाणी पिते.

हं. मग राजाने गोधड्या काढल्या. एकेक करून, घडी घालून. मग उशा काढल्या. मग शेवरीची गादी काढायला घेतली आणि तिच्या पोटातून, पार खालून, लाल कुंचीतला वरवंटा निघाला. गोधड्यांच्या फटीतून घसरून तिथं रुतून बसला होता बिचारा.

राजा म्हणाला, "तू बोलतोस?"

वरवंटा म्हणाला, "बोलायची वेळ कधी आली नव्हती. तुझ्या आजोबांच्या वेळी निजलो, बापाच्या वेळी निजलो, तुझ्या वेळी निजलो. प्रत्येक वेळी वरच राहिलो, म्हणून गप्प बसलो. मला काय हौस म्हणून कुंची घालतात होय? मी आधी जाऊन बघतो. दोरी पेलते का, तळ पक्का आहे का. मी रुतलो तर बाळ रुतणार."

राजा म्हणाला, "मग हिला निजवू कशावर?"

"घट्ट आणि सपाट. हाताने दाबलं तर दबू नये असं. वर एक कापड, ताणून चारी बाजूंनी खोचलेलं."

"उशी?"

"नको."

"थंडी वाजली तर?"

"अंगात झबलं घाल. सैल पांघरूण नको, ते तोंडावर येतं."

"पालथी निजवू की कुशीवर?"

"उताणी. दर वेळी उताणी."

"आणि पाळणा टांगू कुठे? दिवाणखान्यात?"

तेव्हा वरवंटा चिडला. "अरे, आई कुठे आहे तिची? तिच्या बाजेशेजारी. तिचा हात पोचेल असा. आणि पुन्हा काही अडलं तर मला विचारू नकोस, राणीला विचार. तिनं मघाशीच सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस."

राजा खाली मान घालून राणीकडे गेला. म्हणाला, "चुकलं माझं. आणखी काही सांगायचंय तुला?" राणी म्हणाली, "ती पायाशी शेगडी ठेवलीय ना, ती पण न्या. धुरानं डोळे चुरचुरतायत आमचे."

मग घट्ट सपाट बिछाना केला. वरवंटा परत ठेवला. या वेळी तो वरच राहिला, सगळ्यांना दिसला. मग तो काढला आणि बाळाला उताणं निजवलं. त्या एवढ्या मोठ्या पाळण्यात बाळ एकटंच. हात दोन्ही वर केले आणि झोपून गेलं. आत्याला बाळाच्या कानात नाव सांगायचं होतं. तिनं मोठं लांबलचक नाव पाठ करून आणलं होतं. पण या गोंधळात साफ विसरली. बाळाकडे बघून तिला जे सुचलं तेच सांगितलं. सुखदा.

वरवंटा पुन्हा कधी बोलला नाही. संध्याकाळी गोदूबाईनं त्याच्यावर खोबऱ्याची चटणी वाटली.

आणि त्या गोधड्या? त्या... त्यांचं काय झालं बरं? हे मी विसरले. माझी आजी सांगायची काहीतरी.

काय म्हणतेस मुक्ता?

हो. आहे. माझी गोधडी अजून पाळण्यातच आहे. दुहेरी.

मी दाबून पाहिली होती दुपारी. हात आत गेला होता माझा. मला तेव्हा बरं वाटलं, म्हटलं, किती मऊ झालीय. एवढी म्हातारी झाले, ही गोष्ट शंभरदा सांगितली, आणि आत्याबाई मीच निघाले. तुमची आई सकाळीच म्हणाली गं मला. हळू म्हणाली, म्हणून मी ऐकलं नाही.

रेणू, माझा हात धर, उठव मला. तुम्ही इथंच थांबा. आवाज करू नका, बाळ आईजवळ आत्ताच निजलंय.

...

आले. आणली काढून. तुमची आई जागीच होती. तिनं पाहिलं मला पाळण्यापाशी. मीच सांगून टाकलं तिला, दुपारी मी परत घातली होती म्हणून. ती म्हणाली, "मला माहीत आहे, आई. मी वाट बघत होते." मग म्हणाली, "उद्या वरवंटा तुम्हीच ठेवा." मी तो घासून ठेवलाय केव्हाचा. कुंचीपण शिवलीय त्याला.

आणि आता आठवलं मला, गोधड्यांचं काय झालं ते. राजाने त्या गावातल्या मोठ्या मुलांना वाटून दिल्या. ज्यांना आपलं पांघरूण आपल्या हाताने बाजूला करता येतं, त्यांना. मग राजा सुखात राहिला, राणी सुखात राहिली, सुखदा हात वर करून निजत राहिली.

सरका जवळ. हे बघ, हा हिरवा तुकडा माझ्या लुगड्याचा. हा पांढरा आजोबांच्या धोतराचा. दोघींच्या अंगावर पुरते का? पुरते. पाय आत घे, रेणू. मिटा डोळे आता. उद्या लवकर उठायचंय.