लोकरीच्या वळ्या

थंडी डोंगरावरून पायी चालत यायची आणि घरातल्या वस्तूंना बोलता यायचं, त्या दिवसांतली ही गोष्ट.

भामाबाईंनी तान्ह्या नातीसाठी नवऱ्याचा निळा स्वेटर उसवायला घेतला. नवरा आता नव्हता. स्वेटर गळ्यापासून उसवतात. विणताना शेवटी घातलेला टाका आधी सुटतो. धागा सरसर निघाला, पण सरळ नव्हता. प्रत्येक टाक्याची वळी त्यात तशीच राहिली होती.

सुया मुळातच टोचून बोलणाऱ्या. "या लोकरीला अशीच आमच्यावर घेऊ नका. टाके वेडेवाकडे येतील. आधी कोमट पाण्यात भिजवा, वळ्या जाऊ द्या."

"नको!" लोकर कळवळली. "या वळ्या त्यांच्या छातीभोवती जपल्यात मी. सरळ झाले तर त्यांना विसरेन."

भामाबाई बादलीपाशी कितीतरी वेळ बसून राहिल्या. "मलाही तीच भीती वाटते गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी लोकरीची लड हलकेच पाण्यात सोडली.

लोकरीला गुंगी आली. झोपेत मूठ सुटावी तशी एकेक वळी सुटत गेली. वाळली तेव्हा तिला काहीच आठवत नव्हतं.

इवलासा स्वेटर घालून नात भामाबाईंच्या मांडीवर झोपली. हळूहळू लोकर आतून कोमट होऊ लागली, आणि ती दचकली. तेव्हाही असंच व्हायचं! ऊब तिची कधी नव्हतीच. ती आतून यायची. लोकर फक्त धरून ठेवायची.

"भामाबाई," ती कुजबुजली, "मला ते आठवले."

भामाबाईंनी नातीच्या पाठीवर हात ठेवला. "हो गं," त्या म्हणाल्या, "मलाही."